कर्वेनगरातलं आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर: साडेचार स्टार, आणि अर्धा का कापला

थेट सांगते, आमच्या कर्वेनगरातल्या गणपती मंडळाच्या रक्तदान शिबिराला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मंडळाचं नाव आणि ते ज्या ब्लड बँकेबरोबर शिबिर घेतात तिचं नाव लिहीत नाहीये कारण मंडळातल्या लोकांनाच ते नकोय. पण पुण्यात राहत असाल तर अशी मंडळं तुमच्या आसपास पण असतील, आणि नसतील तर हे वाचून तुमच्या मंडळाच्या अध्यक्षांना चार प्रश्न तरी विचारता येतील, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

कॉलेजात एनएसएसला असल्यापासून रक्त देतेय मी. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, ऑफिसात, देवळाच्या सभामंडपात, मनपा शाळेच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात, सगळीकडची शिबिरं बघून झालीत. आणि त्यातून माझं मत पक्कं झालंय की किती पिशव्या जमल्या यावरून शिबिराला मार्क देऊच नयेत. आकडा फ्लेक्सवर टाकायला छान दिसतो, पण शिबिर कधी घेतलं आणि आलेल्या माणसाशी कसे वागले, ज्याचं रक्त घेतलं त्याच्याशी आणि ज्याला परत पाठवलं त्याच्याशी पण, हे बघायचं असतं.

आधी तारखेचं बोलते कारण बहुतेक मंडळं इथेच चुकतात. आपण दिलेल्या एका पिशवीचे बँकेत भाग करतात, लाल पेशी, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) आणि प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी). लाल पेशी २ ते ६ डिग्रीला ठेवल्या तर ३५ दिवस चालतात, पिशवीत वेगळं पोषक द्रावण घातलेलं असेल तर ४२ दिवस. प्लाझ्मा उणे ३० डिग्रीला गोठवून वर्षभर ठेवता येतो. आणि प्लेटलेट फक्त ५ दिवस, ते पण २० ते २४ डिग्रीला, सतत हलत राहणाऱ्या मशीनवर. आता बघा, १५ ऑगस्टला एकाच वॉर्डात पाच ठिकाणी शिबिर, त्यात एखाद्या नेत्याचा वाढदिवस जवळ आला की अजून चार, सगळं रक्त एकाच आठवड्यात बँकेत येऊन पडणार, मग सहाव्या दिवशी प्लेटलेट टाकून द्यायचे आणि दीड महिन्यानी लाल पेशींची पण मुदत संपायला लागणार. आणि इकडे एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, पोरं गावाला, ऑफिसवाले सुट्टीवर, अशा वेळी त्याच बँकांचे फ्रिज रिकामे. दरवर्षी मे महिना आला की पेपरात "रक्ताचा तुटवडा" ही बातमी येतेच, दिवाळीच्या सुट्टीत पण तेच. ऑपरेशनं काय सुट्टी बघून येतात का, अपघात आणि बाळंतपणं तर नाहीच नाही. आणि थॅलेसेमियाच्या (रक्त नीट तयारच होत नाही असा जन्मजात आजार) मुलांना साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच लागतं, वर्षभर, आयुष्यभर, त्यांच्या आईबापांना मे महिना कसा जात असेल याचा विचार शिबिराची तारीख ठरवताना कुणी करतं का?

आमचं मंडळ करतं. म्हणून तर साडेचार. हे लोक तारीख ठरवायच्या आधी ब्लड बँकेला फोन करतात आणि विचारतात की तुम्हाला कधी कमी पडतं, आणि त्याप्रमाणे वर्षात तीन-चार छोटी शिबिरं घेतात. एक हमखास मेच्या मधल्या आठवड्यात असतं, एक दिवाळीच्या थोडं आधी. बँक सांगेल तेवढ्याच नावांची नोंदणी घेतात, बाकीच्यांना सरळ सांगतात की तुमचा नंबर पुढच्या शिबिरात. सुरुवातीला मंडळातल्याच काही जणांना हे पटलं नव्हतं म्हणे, माणूस स्वतःहून रक्त द्यायला आलाय आणि त्याला थांबा कसं सांगायचं, आणि बाजूच्या मंडळाचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसणार ते वेगळंच. पण बँकेच्या डॉक्टरीण बाईंनी एका मीटिंगला येऊन मुदतीचं सगळं गणित समजावलं तेव्हापासून कुणी आकड्याचा विषय काढत नाही.

अजून एक, हे लोक कॅलेंडर समोर ठेवून बसतात. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र टाळतात. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत, उपास असेल तर परत पाठवतात, आणि आपल्याकडे संकष्टीला रविवार धरून शिबिर ठेवलं तर निम्म्या काकू गेटवरूनच परत जातात. मी दुसऱ्या एका ठिकाणी हे डोळ्यांनी बघितलंय, आषाढी एकादशीला शिबिर, हॉल सजवलेला, बेड मोकळे, स्टाफ बसून.

आता आत गेल्यावर काय होतं ते सांगते, पहिल्यांदा जाणाऱ्यांना उपयोग होईल. फॉर्म भरायचा, मग वजन, बीपी, हिमोग्लोबिन, मग डॉक्टर चार प्रश्न विचारतात, मग बेड. वय १८ ते ६५ मध्ये पाहिजे, पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. वजन ४५ किलोच्या वर असेल तर ३५० मिली घेतात, ५५ च्या वर असेल तर ४५० मिली पण घेता येतं. हिमोग्लोबिन कमीत कमी १२.५. दोन वेळांच्या मध्ये पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने अंतर. वर्षभरात टॅटू काढला असेल किंवा कान-नाक टोचून घेतलं असेल तर थांबायचं, बाळंतपण झालं असेल तर वर्षभर थांबायचं आणि बाळ अंगावर पीत असेल तोपर्यंत पण नाही. बेडवर दहा मिनिटांच्या आसपास, हातात एक मऊ बॉल देतात तो दाबत राहायचा. सुईची भीती असते सगळ्यांना, टोचतं हे खरंच आहे, पण ते टोचेपर्यंतच. उठल्यावर लगेच पळायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं बसायचं, आणि इथे मंडळाचा एक कार्यकर्ता फक्त एवढ्याच कामाला असतो, खुर्चीवरून कोण घाईने उठतंय ते बघायला. एकदा एक उंचापुरा मुलगा चहा घेता घेता पांढराफटक पडला, त्या दादांनी त्याला लगेच आडवं करून पाय वर उचलले, डॉक्टर येईपर्यंत पोराला तरतरी आलेली. घाबरायचं काही नसतं त्यात, होतं असं काहींना, पण समोरच्याला काय करायचं ते माहीत पाहिजे. इथे सगळ्या कार्यकर्त्यांना हे शिकवलेलं आहे.

नाश्त्याबद्दल लिहायलाच पाहिजे, पोहे गरम, केळं, लिंबू सरबत, आणि ज्याला लागेल त्याला चहा. बाकी काही नाही. भेटवस्तू नाही. आणि हे मला या शिबिरातलं सगळ्यात आवडलेलं आहे, का ते जरा नीट सांगते.

एका दुसऱ्या शिबिरात (कुठलं ते सोडा) रक्त देणाऱ्याला हेल्मेट आणि बॅग होती. रांग रस्त्यापर्यंत. माझ्या पुढचा मुलगा मित्राला सांगत होता की गेल्या महिन्यातच दिलंय पण फॉर्ममध्ये नाही लिहिणार. हा सगळा धोका आहे ना. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते, ती सक्तीचीच आहे. काही बँका त्याच्यावर नॅट नावाची जास्त बारीक टेस्ट पण करतात. पण कुठल्याही टेस्टला अगदी ताजं इन्फेक्शन सापडत नाही असे सुरुवातीचे काही दिवस असतात, आणि त्या दिवसांत रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट असते, रक्त देणाऱ्याने फॉर्मवर खरं लिहिणं. ज्याला हेल्मेट पाहिजे तो का खरं लिहील? ज्याला काहीच मिळणार नाहीये, जो फक्त द्यायला आलाय, तो सांगतो की हो मागच्या आठवड्यात ताप होता, हो मी अमुक गोळ्या घेतो. म्हणजे स्वेच्छेने दिलेलं रक्त जास्त सुरक्षित असतं, हे नुसतं भाषणात बोलायचं वाक्य नाही, त्याच्यामागे एवढं सरळ कारण आहे.

आपल्या देशात हे फार उशिरा कायद्यात आलं. पैसे घेऊन रक्त विकणारे लोक हॉस्पिटलच्या बाहेर उभे असायचे, आमचे बाबा सांगायचे, अशक्त, व्यसनी, कुणी कुणी तर ठरलेल्या अंतराच्या आत परत परत द्यायचे. कॉमन कॉज नावाच्या संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला, ब्लड बँकांना लायसन्स सक्तीचं, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा स्थापन करायच्या आणि रक्ताची विक्री बंद करायची, आणि १ जानेवारी १९९८ पासून देशभर पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. आता ही बंदी घातल्यावर ते रक्त भरून कोण काढणार होतं? आपल्याकडे ते मंडळांनी, कॉलेजांनी, कंपन्यांनी, देवस्थानांनी भरून काढलं. त्याच्या आधीपासून काम करणारी माणसं होतीच म्हणा, मुंबईत लीला मुळगावकरांनी १९५४ पासून स्वेच्छा रक्तदानाची शिबिरं सुरू केली होती, तेव्हा तर लोकांची समजूत अशी की रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो. त्या काळात दारोदार जाऊन लोकांना तयार करणं म्हणजे काय काम असेल!

म्हणून ते हेल्मेट, मिक्सर, ट्रॉलीबॅग मला मनापासून खटकतं. मोबदला पैशांत असो की वस्तूत, तो द्यायचाच नाही असा नियम आहे. सर्टिफिकेट द्या, बिल्ला द्या, पोहे द्या की पोटभर. बास.

आता बायकांबद्दल. इथे मी जास्त लिहिणार आहे कारण कुणी लिहीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मधल्या, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. अर्ध्याहून जास्त! आणि तिथे गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ च्या खाली तो ॲनिमिया धरतात, रक्त द्यायला तर १२.५ लागतं. म्हणजे शिबिराला आलेल्या बायकांपैकी किती जणी त्या टेबलवरूनच परत जात असतील बघा. बहुतेक शिबिरांत काय होतं, बोट टोचतात, रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात टाकतात, थेंब तरंगला (म्हणजे हिमोग्लोबिन कमी) की "तुमचं नाही होणार मॅडम, पुढच्या वेळी या". संपलं. ती बाई जरा ओशाळून बाहेर पडते आणि परत कधी येत नाही. तिला कुणी सांगत नाही की तुझं हिमोग्लोबिन नक्की किती आहे, त्याचं काय करायचं, हे दम लागणं आणि थकवा येणं घरकामामुळेच असतं असं नाही.

आमच्या मंडळाने यावर जे केलंय ते बाकीच्यांनी उचलायला पाहिजे. निळ्या पाण्याच्या टेस्टमध्ये आकडा कळत नाही, पुरेसं आहे की नाही एवढंच कळतं, म्हणून त्यांनी बँकेकडे आकडा दाखवणारं मशीन मागून घेतलं. ज्यांचं कमी निघतं त्यांना एका बाजूला वेगळ्या टेबलवर बसवतात, तिथे आमच्याच भागातल्या एक रिटायर्ड सिस्टर असतात. त्या शांतपणे आकडा सांगतात, चिठ्ठीवर लिहून देतात, महापालिकेच्या दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात तिथे जायला सांगतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या, पाळी जास्त जात असेल तर ते डॉक्टरला दाखवा, जंताचं औषध कधी घेतलं होतं, हे सगळं. पाळीबद्दल पुरुष डॉक्टरसमोर न बोलणाऱ्या बायका सिस्टरांशी बोलतात. आणि मग काही आठवड्यांनी मंडळातली एखादी मुलगी फोन करते, काकू परत तपासलं का? बघा, रक्त एक थेंब मिळालं नाही त्या बाईकडून, तरी त्या दिवशी त्या टेबलवर जे झालं ते मला बाकीच्या हॉलएवढंच महत्त्वाचं वाटतं. माझ्या शेजारच्या वहिनी अशाच परत आल्या होत्या, त्यांना वर्षभर थकवा होता आणि सगळे म्हणायचे वय झालं, गोळ्या घेतल्यावर त्यांचा जिना चढतानाचा दम गेला आणि नंतरच्या एका शिबिरात त्यांनी रक्त पण दिलं. घरातल्या सगळ्यांना घेऊन आल्या होत्या तेव्हा.

कार्यकर्त्यांबद्दल. मंडळात ढोल वाजवणारी जी पोरं ती इथे खुर्च्या मांडतात, नोंदणी घेतात, आणि त्यातल्या दोन-तीन मुली यादी सांभाळतात. ही यादी म्हणजे खरं काम आहे. कोणाचा कुठला गट, शेवटचं कधी दिलं, पुढे कधी देता येईल. तीन किंवा चार महिने झाले की मेसेज येतो, साधा, मराठीत, फॉरवर्ड नाही. आणि एखाद्याने दोनदा उत्तर दिलं नाही तर त्याच्या मागे लागत नाहीत. मला हे फार पटतं, कारण एकदा येऊन फोटो काढून जाणाऱ्या शंभर लोकांपेक्षा वर्षातून दोनदा न चुकता येणारे तीस लोक बँकेला जास्त उपयोगाचे असतात, त्यांचं रक्त प्रत्येक वेळी तपासलेलं असतं, त्यांना नियम पाठ असतात, आणि मेमध्ये फोन केला की ते येतात. यादीतले नंबर मात्र बाहेर कुणाला देत नाहीत, एवढं पाळतात. नाहीतर काही ग्रुपवर रक्तदात्यांचे नंबर असे फिरतात की बिचाऱ्यांना रात्री दोनला परगावाहून फोन.

यादी कशाला लागते याचं एक उदाहरण द्यायलाच पाहिजे, बॉम्बे ब्लड ग्रुप. हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, म्हणून त्याला नाव पण बॉम्बेच. भारतात साधारण दहा हजारात एकाचा असतो. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. अशा माणसाला ऑपरेशनला रक्त लागलं की बँकेच्या फ्रिजमध्ये ते असेलच असं नाही, कुठल्या तरी गावात राहणारा दुसरा बॉम्बे गटवाला शोधून काढावा लागतो आणि त्याने कामधंदा सोडून यावं लागतं. हे सरकारी यंत्रणेपेक्षा स्वयंसेवकांच्या फोनाफोनीवरच जास्त चालतं. तुमचा गट नुसता कुणीतरी सांगितलेला असेल तर एकदा बँकेत नीट तपासून घ्या, रक्त दिलं की तो आपोआप तपासला जातोच.

आता दुसरी बाजू, रक्त घेणाऱ्याची. माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनला तीन पिशव्या लागल्या होत्या. हॉस्पिटलने (नाव नाही लिहीत) सांगितलं आधी तीन डोनर आणा मग रक्त. आता नियमाने असा बदली रक्तदाता आणायची सक्ती करता येत नाही, राष्ट्रीय रक्त धोरण २००२ चं आहे आणि त्यात बदली पद्धत हळूहळू बंद करायची असंच म्हटलंय. पण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभं असताना कोण नियम वाचून दाखवतं? आम्ही पुण्यातले, ओळखीपाळखी आहेत, मंडळाच्या त्या मुलींना फोन केला आणि तासाभरात माणसं आली. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एकच गोष्ट आहे, त्याच मजल्यावर बीडकडचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि एक म्हातारी, शहरात ओळखीचं कुणी नाही, त्यांनी डोनर कुठून आणायचे? आमच्या पोरांनी त्यांचं पण काम केलं त्या दिवशी. पण बँकेत वर्षभर पुरेसं रक्त असतं तर कुणालाच असं पळावं लागलं नसतं, हे शिबिर मेमध्ये घेण्याशी थेट जोडलेलं आहे.

पैशाबद्दल पण गैरसमज आहेत म्हणून लिहिते. "आम्ही फुकट देतो आणि हे विकतात" हे मी प्रत्येक शिबिरात ऐकते. रक्त विकता येत नाही, पण पिशवी, तपासण्या, भाग वेगळे करणं, साठवण, स्टाफ याचा प्रोसेसिंग चार्ज घेता येतो आणि त्याला वरची मर्यादा ठरवलेली आहे. २०२२ च्या दरांप्रमाणे लाल पेशींच्या एका पिशवीला सरकारी बँकेत ११०० आणि खासगीत १५५० रुपये, ज्यादा टेस्ट केल्या तर त्याचे वेगळे. २०२३ च्या अखेरीस केंद्राच्या औषध नियंत्रकांनी परत एकदा सगळ्यांना बजावलं की प्रोसेसिंग चार्ज सोडून काही घ्यायचं नाही. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया असे रक्ताचे जन्मजात आजार असलेल्यांना तर विनाशुल्क द्यायचं असतं. त्यामुळे बिल आलं की त्यात काय काय लावलंय ते विचारा, तो तुमचा हक्क आहे. कुठल्या बँकेत कुठला गट शिल्लक आहे ते ई-रक्तकोश या सरकारी वेबसाइटवर बघता येतं, तिथला साठा दाखवला तरी जाण्याआधी बँकेला एक फोन करून घ्यावा. आणि रक्त दिल्यावर मिळणारं कार्ड जपून ठेवा, पण त्याच्यावर काय सवलत मिळते हे बँकेप्रमाणे बदलतं, कार्ड घेतानाच विचारून ठेवा.

२०२० ची आठवण पण इथे येतेच. कोविडमध्ये शिबिरं बंद, कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, लोक हॉस्पिटलच्या नावाने घाबरलेले. त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान. केवढं मोठं मंडळ, केवढी परंपरा, आणि तरी ते हे करू शकले. आमच्या मंडळाने पण त्या वर्षी मांडव टाकला नाही, पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा वाटून दिल्या आणि शाळेच्या हॉलमध्ये लांब लांब बेड टाकून शिबिर घेतलं. वर्षातून छोटी छोटी शिबिरं घ्यायची सवय तिथूनच लागली असं अध्यक्ष काका सांगतात. संत निरंकारी मंडळाचं पण कौतुक करावंसं वाटतं, त्यांची शिबिरं २४ एप्रिलपासून सुरू होतात, ऐन उन्हाळ्यात, जेव्हा खरोखर गरज असते.

आता अर्धा स्टार कापल्याची कारणं. पहिलं म्हणजे फॉर्म. अजून इंग्रजीतच. ज्या फॉर्मवर माणसाने खरं लिहावं अशी आपली अपेक्षा आहे तो त्याला वाचता तर आला पाहिजे ना. कार्यकर्ते समजावून सांगतात, पण मग "तुम्हाला अमुक आजार होता का, अनोळखी व्यक्तीशी संबंध आला होता का" हे प्रश्न शेजारच्या गल्लीतला पोरगा मोठ्याने वाचून दाखवणार आणि मागे रांगेत सासू उभी, कोण खरं उत्तर देईल? डॉक्टरांच्या टेबलला आता पार्टिशन लावलंय, ते आधी नव्हतं, हे चांगलं झालं, पण फॉर्मची अडचण तशीच आहे. मराठी फॉर्म बँकेकडून मागून घ्या, आणि नाहीच मिळाला तर तो भाग पार्टिशनच्या आतच भरून घ्या, एवढं सोपं आहे हे.

दुसरं, फोटो. बेडवर आडवं पडलेल्या माणसाचे फोटो न विचारता काढून ग्रुपवर टाकतात. काहींना आवडतं, काहींना नाही, बायकांना तर बऱ्याच जणींना नाही आवडत. विचारा आणि मग काढा. हे मी मंडळाच्या मीटिंगमध्ये पण बोललेय.

तिसरं, हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रक्त देऊन झाल्यावर जिना उतरायचा म्हणजे एखाद्याला चक्कर आली तर? तळमजल्यावरची शाळेची खोली मिळते, थोडी लहान आहे पण चालेल.

पार्किंगची बोंब आहे ती आख्ख्या कर्वेनगरची आहे, त्याचे मार्क कापत नाही.

जाणार असाल तर, आदल्या रात्री नीट झोपा, सकाळी पोटभर खाऊन जा, भरपूर पाणी प्या, सैल बाह्यांचा शर्ट किंवा ड्रेस घाला, चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहून न्या. दिल्यावर त्या दिवशी जिम नाही, जड उचलणं नाही, तासभर तरी सिगारेट नाही. दुपारी घरी जाऊन नेहमीसारखं जेवा. दोन दिवसांत त्यातला पातळ भाग भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात म्हणून तर ते तीन-चार महिन्यांचं अंतर. ठणठणीत असूनही डॉक्टरांनी नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका, कारण विचारा, चिठ्ठी मागा.

आमचं पुढचं शिबिर मेमध्ये आहे, सकाळी नऊ ते एक, एकच्या पुढे थांबत नाहीत कारण प्लेटलेट वेगळे काढायचे तर पिशव्या काही तासांतच बँकेत पोचाव्या लागतात. नाव आधी नोंदवावं लागतं. तुमच्या भागात मेमध्ये कुठे शिबिर असेल तर खाली लिहा, आमच्या यादीत जागा नसलेल्यांना तिकडे पाठवता येईल.